चार मिलीमीटरचा तपास

सोमवार, ८ डिसेंबर

चार मिलीमीटर! माझ्या मशीनचे दोन टाके. तेवढ्यापायी आज आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

भरतीच्या अकॅडमीत वीरण्णा सरांनी आज सगळ्या पोरींची उंची घेतली. पोलीस भरतीला पोरींना १५५ सेंटीमीटर लागते. आमची ऋतुजा भरली १५४.६. सर म्हणले, "पळणं चांगलं हाय, गोळा बी जातो. पण उंचीतच बसली न्हाई तर पळू बी देणार न्हाईत." फेब्रुवारीत ग्राउंड. हातात अडीच महिने.

मला एक कळेना. दोन वर्षांखाली तिचा एनसीसीचा ड्रेस मीच शिवला. जुनी वही काढून बघितली — उंची १५५.४. स्पष्ट लिहिलंय, माझ्याच हातानं. आणि माझं माप चुकत नाही! वीस वर्षं झाली ब्लाउज शिवून, या गल्लीतल्या एका बाईनं उठून म्हणावं की सिंधुताईनं माप चुकवलं. मग बावीस वर्षांच्या पोरीची उंची जाते कुठं? म्हातारी माणसं खचतात, मान्य. ही काय म्हातारी झाली?

म्हणून मापाची नवी वही उलटी करून मागून लिहायला घेतली. पुढून गिऱ्हाईकांची मापं, मागून हा तपास. कुणी बघत नाही, बायका आपलं माप सोडून दुसरं पान उघडत नाहीत.

मंगळवार, ९ डिसेंबर

पहाटे साडेपाचला, ती ग्राउंडवर निघायच्या आधी, चौकटीला उभी केली. डोक्यावर कटिंगचा काटकोनी गुण्या आडवा ठेवला, पेन्सिलीनं रेघ मारली. १५५.३! मी ओरडलेच. हे अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आले — काय झालं, काय झालं!

संध्याकाळी सातला परत लावली. १५४.५.

टेप तोच, चौकट तीच, पोरगी तीच. दिवसभरात आठ मिलीमीटर सांडले कुठं? यांना पण लावलं. हे एसटीत कंडक्टर, लातूर–निलंगा. ड्युटीवर जाताना अन् आल्यावर — पाऊण सेंटीमीटर गायब! "तुझ्या नादानं मला बी भरती करतीस का?" म्हणले. मी म्हणलं, गुमान उभं राहा.

आणखी एक शोध. आजवर मी धरून चालले होते, एकसष्ट इंच म्हणजे काम झालं. आज टेपच्या दोन्ही बाजू नीट लावून बघितल्या. एकसष्ट इंच म्हणजे १५५ ला केसभर कमी! आम्ही इंचातली माणसं, अन् सरकार मोजतंय सेंटीमीटरात. बरं झालं आत्ताच कळलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज दिवसभर मशीनवरून तिच्यावर नजर ठेवली. आठला ग्राउंडवरून आली. नाश्ता — ताटाशेजारी मोबाईल. मग पलंगावर पालथी, कोपरं टेकून, लेक्चर. मग भिंतीला टेकून, हनुवटी पार छातीत घालून, टेस्ट सिरीज. चार्जरची वायर आखूड म्हणून बोर्डाजवळ वाकून. जेवण, परत पालथी. मी काजं करता करता मोजत होते. साडेसहा तास. त्यातून मान एकदाही छताकडं गेली नाही.

म्हणलं, "मान दुखती का गं?"

"दुखती की. रोजच. डोकं बी धरतं मागून."

"कवापासून?"

"कॉलेजपासून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सगळ्यांचीच दुखती, आई. त्यात सांगायचं काय?"

सगळ्यांचीच? हे मला नवीन. विचारायला पाहिजे.

शनिवार, १३ डिसेंबर

विचारलं. कालपासून अकरा बाया आल्या, प्रत्येकीला माप घेता घेता — मान दुखती का? नऊ जणी हो म्हणल्या! एक बँकेतली, एक शाळेतली, दोन नुसत्या घरी बसून रील बघणाऱ्या. एकीनं तर मलाच उलटं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" जणू मी ज्योतिष सांगून राहिले.

मग जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षांपूर्वीच्या. त्याच बाया, तेव्हाची मापं अन् आत्ताची. जाडी वाढली ते सोडा, ते सगळ्यांचंच वाढतं. पण पाठीची रुंदी अर्धा इंच जास्त अन् पुढची छातीवरची रुंदी कमी! म्हणजे खांदे पुढं आलेत. म्हणूनच हल्ली सगळ्या तक्रार घेऊन येतात — ताई, मागचा गळा उभा राहतोय, ताई, शोल्डर उतरतंय. मी मेली दोन वर्षं माझ्याच कटिंगला दोष देऊन राहिले! कागदाचे खाके बदलले, बाहीचा मुंढा बदलला. अन् बदलल्या होत्या बाया.

लई आनंद झाला मला. चोर सापडल्यासारखा. चोर मोबाईल! आता त्याचा बंदोबस्त.

रविवार, १४ डिसेंबर

इलाज सुचला. मान खाली जातेच कशाला? जाऊच द्यायची नाही. कॉलर ताठ राहावी म्हणून आपण आत बकरम घालतो. मग मानेला का नाही?

चार पदरी बकरम, वरून सुती अस्तर, मागं वेल्क्रो. हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंत बरोब्बर मापाचा पट्टा. दोन तासांत तयार. घालून बघितला तर पोरीची मान राणीसारखी! संध्याकाळचं माप १५४.९.

"आई, गिळता येईना."

"येतं. सवय होती."

बुधवार, १७ डिसेंबर

पट्टा दिवसरात्र. १५५.० संध्याकाळी! मी हुशार आहे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

वेळ अमावस्या. सकाळीच सगळे शेतात — देवणीजवळ, दीरांकडं. कडब्याची कोप उभी केली, पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील, पोट फुटेस्तोवर. ऋतुजा पट्टा घालूनच बसली होती, मी काढू दिला नाही. दीर म्हणले, "वहिनी, पोरीच्या गळ्यात लोढणं घातलं का काय? देवणीच्या वळूला बी एवढं आवळत न्हाईत!" सगळे हसले, तीही हसली. पण हसताना मान वळली नाही, सगळं अंग वळलं. ते मला जरा खटकलं.

तिथं पण बघत होते. जेवणं झाली की बारापैकी दहा जण मान खाली घालून मोबाईल बघत बसले, म्हातारे सासरे सुद्धा. नुसतं धाकट्या जावेचं बाळ अन् बैल, दोघंच वर बघत होते.

परत येताना ऋतुजा यांना काय म्हणली ते ऐकू आलं, मागच्या सीटवरून — "पप्पा, समजा न्हाईच बसले मी उंचीत, तर?" यांनी काय उत्तर दिलं, जीपच्या आवाजात कळलं नाही. मी मागं वळून म्हणलं, "बसतीस! मी हाय की."

शनिवार, २० डिसेंबर

मान जाम झाली. पूर्ण! पट्टा काढला तर डोकं सांभाळेना, उजवीकडं वळता येईना, डोळ्यांत पाणी. ग्राउंड बुडलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

हे म्हणले, आपला सलूनवाला मान मोडून देतो, कट्कन, एका झटक्यात मोकळी. ती घाबरली, मी पण घाबरले. गल्लीच्या तोंडाशी भार्गवी मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, ब्लाउज माझ्याकडंच शिवतात. तिकडंच घेऊन गेले.

मॅडमनी आधी तिला विचारलं — हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, हातातून वस्तू पडते का, चालताना तोल जातो का. सगळ्याला नाही. मग म्हणल्या, "चांगलं. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरकडं पाठवलं असतं. आणि झटक्यानं मान मोडून घेऊ नका, कधीच." मग पट्टा हातात घेतला, उलटा-पालटा केला.

"हे कुणी दिलं?"

"मीच शिवला," मी म्हणलं. थोडी ऐटीतच म्हणलं, आता लाज वाटते.

"शिवण सुंदर आहे, सिंधुताई. पण पोरीची मान तुम्ही रजेवर पाठवली."

म्हणल्या, मानेचे स्नायू डोकं उचलायचं काम करतात. ते काम बकरमनं केलं, तर स्नायू बसून राहतात, आखडतात. सहा दिवसांत ही गत, महिनाभर ठेवला असता तर? मला तोंड लपवायला जागा नव्हती. ऋतुजा मात्र हळूच म्हणली, "आई, आता गिळता येतंय."

पट्टा कापून टाकला. तुकडे टाचण्या खोचायच्या उशीत भरले.

सोमवार, २२ डिसेंबर

रडून झालं. आता विचारायचं. मॅडम ब्लाउज न्यायला आल्या तर मी प्रश्नांची यादीच काढली. त्या हसल्या, पण बसल्या.

डोकं किती भारी? साडेचार-पाच किलो. ऋतुजा आतून ओरडली, "म्हणजे गोळ्याहून जड!" (तिचा गोळा चार किलोचा.) मान सरळ असली तर तेवढंच वजन. वाकवली की वाढत जातं, पार छातीकडं घातली की वीस-पंचवीस किलोचा ताण. साडेसहा तास! पंचवीस किलोची ज्वारीची गोणी कुणी साडेसहा तास मानेवर घेईल का?

सकाळी उंची जास्त का? मणक्यांमध्ये गाद्या असतात. दिवसभर दबतात, झोपेत परत फुगतात. ते सगळ्यांचंच, नैसर्गिक. त्यावर इलाज नाही अन् गरजही नाही. पण त्यावर पोक काढून उभं राहायची सवय लागली की आणखी पाच-सात मिलीमीटर जातात. ते परत मिळतात.

"मिळतात?" मी तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणल्या.

वाढवता येत नाही, हे पण म्हणल्या. "हिची उंची एकशे साडेपंचावन्न आहे. ती कुठं गेली नाही. ती फक्त उभी राहत नाही." मी हे वाक्य टेपनं माप घ्यावं तसं लिहून घेतलं.

मंगळवार, २३ डिसेंबर

मॅडमनी सांगितलेलं, विसरायच्या आत:

दोन दिवस गरम पाण्याची पिशवी, दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण पडून राहायचं नाही, दुखणार नाही इतकं हलवत राहायचं.

हनुवटी आत. खाली नाही, आत! मागच्या भिंतीकडं डोकं सरळ ओढायचं, दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे. पाच मोजायचे. दहा वेळा. ऋतुजाला हसू आवरेना, म्हणली, "असा फोटो काढला तर लग्न मोडंल."

खांदे मागं, खांद्यामागची दोन्ही हाडं एकमेकांकडं. भिंतीला टाचा, पाठ, डोकं लावून उभं राहायचं.

पालथं पडून बघायचं नाही. दोन उशा नाहीत, एकच, मानेखाली भरणारी.

आणि मुख्य — मान मोबाईलकडं जायची नाही, मोबाईल मानेकडं आला पाहिजे. डोळ्यांसमोर!

आता तो आणायचा कसा? हातात धरून दहा मिनिटांत हात गळतो. विचार करते.

गुरुवार, २५ डिसेंबर

झालं! तयार ब्लाउज अडकवायची आडवी काठी आहे ना, मशीनच्या मागं? तिच्यावर हँगर, हँगरला उरलेल्या खणाची झोळी. पुढं पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, वर-खाली करायला पायजम्याची नाडी. मोबाईल आत टाकला, नाडी ओढली, बरोब्बर नाकासमोर. पोरगी समोर खुर्चीवर, पाठ टेकून.

भारी दिसतं. गिऱ्हाईक म्हणलं, "सिंधुताई, मोबाईलला बी ब्लाउज शिवलं का?"

एकच अडचण — आता स्क्रीन मशीनवरून मला पण दिसते. "आई, सारखं मागून बघू नको गं," म्हणली. मी म्हणलं, मला काय कळतंय त्यातलं? कळतंय सगळं. सामान्य ज्ञानात मी तिच्या पुढं आहे.

रविवार, २८ डिसेंबर

मॅडम म्हणल्या होत्या, वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचंच. मोबाईलवर गजर लावला, तर गजर बंद करायला म्हणून पोरगी हातात घेते अन् अर्धा तास तोच बघत बसते! अजब वस्तू आहे. उपायाच्या खिशातून रोग.

मग बॉबिन. सरळ शिवण असली तर माझी खालच्या दोऱ्याची बॉबिन वीस-बावीस मिनिटांत संपते. संपली की मी ओरडायचं — "बॉबिन!" तिनं उठायचं, हनुवटी आत, खांदे मागं, गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन यायचं. मीही उठायचं. दिवसात नऊ बॉबिना झाल्या.

आणि एक, माझंही कळलं. मी वीस वर्षं मान घालून शिवतेय अन् दुपारी त्याच मानेनं मोबाईलवर डिझाइन बघतेय. माझ्या स्टुलाखालच्या दोन विटा काढल्या, शिवण डोळ्यांजवळ आली. संध्याकाळी डोकं दुखलं नाही. इतकं सोपं होतं?

शुक्रवार, २ जानेवारी

संध्याकाळी १५४.९. विना पट्टा!

सोमवार, ५ जानेवारी

मान पूर्ण वळते. डोकं मागून धरायचं बंद झालं, तिनंच सांगितलं, मी न विचारता. गोळा पाच मीटरच्या पुढं गेला. वीरण्णा सर म्हणले, "काय खाऊ घातलंव पोरीला?" म्हणलं, बॉबिन!

झोळीच्या सहा मागण्या आल्यात. बँकेतल्या बाईनं दोन नेल्या. यांनी पण तिकिटाचं मशीन पोटाशी धरायचं सोडून छातीशी धरायला सुरुवात केली. म्हणले, "पॅसेंजर विचारतेत, मास्तर, फोटो काढता का आमचा?"

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. ब्लाउजांची गर्दी, मान वर काढायला फुरसत नव्हती, तरी काढली. हळदी-कुंकवाला आलेल्या सगळ्या बायांना हनुवटी आत करायला लावली. बारा जणी ओळीनं भिंतीला! वाणात झोळ्या वाटल्या.

सगळ्यांना सांगून टाकलं, ऋतुजाचं होणार. तिची वर्दी मीच शिवणार, पाठीत एक सुरकुती पडू देणार नाही. एवढं बोलताना मला भरून आलं. माझ्या माहेरात, सासरात, कुणाच्या पोरीनं खाकी घातली नाही. ऋतुजा तिळगूळ वाटून राहिली होती. तिच्याकडं बघून सगळ्या म्हणल्या, कशी ताठ दिसायली!

रविवार, २५ जानेवारी

सकाळी १५५.८. संध्याकाळी १५५.२. सलग चार दिवस.

हे म्हणले, "पोरीला बी एकदा विचार, तिला कसं वाटून राहिलं." मी म्हणलं, विचारलं की. मान बिलकुल दुखत नाही म्हणते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

भरतीचा मेसेज आला. नांदेड, बुधवार १८ तारीख, सकाळी सहा.

ऋतुजानं मेसेज वाचला, मोबाईल झोळीत ठेवला अन् भिंतीला जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. लई वेळ उभी होती. मी बॉबिन भरत होते.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नांदेडला आलो, तिच्या आत्याकडं. एसटीत पूर्ण रस्ता मोबाईल पिशवीत. मॅडमनी बजावलं होतं — रात्री आठ तास झोप, एक उशी, पहाटे उठल्यावर वाकून काही उचलायचं नाही. आठला दिवा घालवला. आत्या म्हणली, "वहिनी, परीक्षा तिची हाय का तुमची?"

बुधवार, १८ फेब्रुवारी

पहाटे पावणेपाचला आत्याच्या चौकटीला लावली. १५५.७. डोळ्यांनी बघितलं, आत्यानंही बघितलं.

सहाला आत गेली. आई-बापांना गेटबाहेर थांबवलं. सव्वासातला बाहेर आली. हातात कागद.

१५४.८.

दोन मिलीमीटर. एक टाका! दुसऱ्यांदा मोजून मागायचं असतं, सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. म्हणलं, "अपील केलंस ना?"

"न्हाई."

"का गं?"

"चल ना आई. चहा घेऊ."

मी तिथंच कडेला बसले अन् रडले. तीच मला धरून उठवत होती.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

अडीच तासांत नऊ मिलीमीटर? कसं शक्य आहे!

टेपच खोटा असणार. वीस वर्षं ओढून ओढून ताणला असणार. ताणलेल्या टेपवर मी पोरीला उंच करत बसले, गावभर सांगत सुटले. माझ्याच हातानं घात केला तिचा. आधी बकरम, मग टेप. आई नव्हे, वैरीण.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचा टेप आणला. शेजारी शेजारी पसरले. शून्याला शून्य, १५५ ला १५५. केसाचा फरक नाही. चौकट तपासली, ओळंबा सोडून. सरळ. आत्याला फोन करून तिची चौकट तपासायला लावली. तीही सरळ.

मग? गेटवर बसून राहावं लागलं म्हणून? एसटीतले धक्के? पण पहाटे तर बरोबर होती!

शनिवार, २१ फेब्रुवारी

भार्गवी मॅडमकडं गेले. सगळं मांडलं, आकड्यांसकट. पाच वाजता इतकी, सात वाजता इतकी, अपील नाही. "एवढ्यात गाद्या दबतात का, मॅडम?"

"थोड्या दबतात. दोन-तीन मिलीमीटर. नऊ नाही."

"मग बाकीचे गेले कुठं?"

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणल्या, "सिंधुताई, तुम्ही सगळ्यांना विचारलंत. एकदा तिलाच विचारा."

रविवार, २२ फेब्रुवारी

विचारलं.

"उंचीच्या मशीनखाली गेले अन् खांदे सोडले, आई. हनुवटी पुढं घेतली, कंबर ढिली केली. तू शिकवलेलं सगळं उलटं. सायेब म्हणले, ताठ उभी राहा. मी म्हणलं, ताठच हाय. मला न्हाई व्हायचं पोलीस. कवाच न्हाई व्हायचं होतं."

हे सगळं तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. एकदाही खाली बघितलं नाही. अडीच महिने मी तिला एकच विचारत होते — किती भरलीस? आज पहिल्यांदा विचारलं, काय व्हायचंय. म्हणली, "अजून म्हाईत न्हाई, आई." बरं, म्हणलं.